विचारले कोणाला?

लोणावळ्याला पाहुणे आले म्हणजे त्यांना काय दाखवावे, हा प्रश्न आम्हां गावकऱ्यांना कधी पडत नाही. पावसाळ्यात भुशीचे धरण, एरवी वलवणचा बांध, आणि परतताना चिक्कीचा पुडा. एवढ्यात पाहुणा तृप्त होतो. मीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. दोन दिवाळ्यांमागे मात्र माझ्या नातवाने वलवणच्या काठावर मला अडवले. इंद्रायणी आळंदीला जाते आणि पुढे भीमेला मिळते, असे त्याने शाळेत पाठ केले होते. "मग आजोबा, हे पाणी उलट्या बाजूला का नेलंय?" मी त्याला घाटातले नळ, खोपोलीचे वीजघर, मुंबईच्या गिरण्या असे सारे समजावून सांगितले. त्याचे समाधान झाले. माझे झाले नाही. कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावून पूर्वेकडे निघालेली नदी पश्चिमेला वळवायची, तर आधी कोणाला तरी विचारले असेल ना? नदीचे एक राहो, पण तिच्या काठच्या माणसांना?

या प्रश्नाच्या मागे लागून मी जे काही वाचले, त्याने मला लोणावळ्याहून मुळशीला नेले आणि मुळशीहून, वाचकांना नवल वाटेल, थेट स्कॉटलंडात. तिथून मी परत मावळात कसा आलो, ती ही हकीकत.

८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसवली. कल्पना जमशेटजींची, पण ते १९०४ सालीच वारले होते. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस लोणावळा, वलवण आणि शिरोता या तळ्यांत अडवायचा, नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीला सोडायचा आणि त्या जोरावर वीज करायची, अशी ती योजना. ११ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पाठोपाठ आंदर मावळात ठोकरवाडीचे तळे झाले आणि त्याचे पाणी १९२२ पासून भिवपुरीला उतरू लागले. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाखेरीज शक्ती मिळाली, शहरात दिवे लागले. ते वाईट झाले असे मी म्हणत नाही. दिवाळीत माझ्याही दारात विजेची माळ लागते.

मोठा लढा उभा राहिला तो तिसऱ्या योजनेच्या वेळी. लोणावळ्याच्या दक्षिणेला, कोराईगडाच्या पलीकडे, मुळशीचे खोरे आहे. निळा आणि मुळा या दोन नद्यांचा तिथे संगम होतो. डोंगरउतारावर पायरीपायरीने उतरत आलेली भाताची खाचरे, उन्हाळ्यात राब भाजल्याचा वास, आणि श्रावणात साऱ्या खोऱ्यावर पसरलेला तो ओला हिरवा रंग. मावळात जन्मलेल्या माणसाला याचे वर्णन करून सांगायला नको. इथला आंबेमोहोर पुण्याच्या पंगतीत नावाजलेला. संगमाच्या खाली बांध घालून पाणी कोकणातल्या भिऱ्याला उतरवायचे, यासाठी १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली. पन्नासाच्या आसपास गावे आणि सुमारे ११,००० माणसे या तळ्याच्या पोटात जाणार होती.

आता कायदा काय होता ते पाहू. जमीन संपादनाचा कायदा १८९४ चा. सार्वजनिक कारणासाठी सरकारला, आणि सरकारच्या संमतीने कंपनीलाही, जमीन घेता येई. ज्याची जमीन जायची त्याला बोलता येई ते किमतीपुरते. जमीन घ्यावी की नाही, याबद्दल त्याची हरकत ऐकून घेण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हतीच. ते ५-अ हे कलम १९२३ साली घातले गेले, म्हणजे मुळशीकर धरणाच्या कामावर जाऊन बसले त्यानंतर दोन वर्षांनी. बकरे कापायचे ठरल्यावर मसाला कोणता एवढेच त्याला विचारावे, तसा हा प्रकार.

आणि हे किमतीपुरते बोलणे तरी कोणाचे? इथे गोष्ट अधिक अवघड होते, आणि आपल्या सत्याग्रहकथा सांगताना आपण ती बहुधा गाळतो. खोऱ्यातली बरीच जमीन कागदोपत्री कसणाऱ्याची उरलीच नव्हती. ती पुण्यातल्या सावकारांकडे गेली होती आणि मूळचा मालक आपल्याच बापजाद्यांच्या खाचरात कूळ म्हणून राबत होता. कंपनीने चांगला दर दिला तर सावकाराचे काही बिघडत नव्हते. उलट पावसाच्या भरवशावरच्या खंडापेक्षा रोख रक्कम बरी! कुळाला मात्र घर, खाचर, गुरांचे रान आणि म्हसोबा एकदमच सोडून जायचे होते. सातबारावर नाव नसलेला माणूस वाटाघाटीत मोजला जात नव्हता. धरणाला विरोध करायला जे पुण्याचे पुढारी आले, त्यांच्याच शहरातल्या काही घरांना धरण हवे होते, ही या लढ्याची पहिल्या दिवसापासूनची गाठ होती.

तरीही लढा झाला. न. चिं. केळकरांसारख्या मंडळींनी वाचा फोडली, विनायकराव भुस्कुटे खोऱ्यात फिरले, सभा झाल्या. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी बाराशेच्या आसपास मावळे, बायकामुलांसह, धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. काम थांबले. महात्माजींनी २७ एप्रिलच्या 'यंग इंडिया'त मुळशी पेट्यावर लिहून टाटांना विनविले की, कायद्याने मिळालेला अधिकार असला तरी या गरिबांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या जमिनी घेऊ नयेत. काही महिने शांततेत गेले. वर्षाखेरीस काम पुन्हा सुरू झाले, तसा सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला, आणि या दुसऱ्या फेरीत जो माणूस पुढे आला त्याला मावळाने 'सेनापती' ही पदवी दिली.

पांडुरंग महादेव बापट. जन्म १८८० चा, पारनेरचा. डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन मुंबई विद्यापीठाच्या मंगळदास नथुभाई शिष्यवृत्तीवर ते १९०४ साली यंत्रशास्त्र शिकायला एडिंबरोला गेले. तिथेच त्यांनी हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यावर एका सभेत निबंध वाचला आणि पुढे तो छापला. त्यात राज्यकर्त्यांची जी झाडाझडती होती ती राज्यकर्त्यांना कशी मानवणार? शिष्यवृत्ती बंद झाली. यंत्रशास्त्र मागे राहिले. लंडनचे इंडिया हाऊस, पॅरिस, बाँबविद्या, अज्ञातवास अशा वाटेने बापट मायदेशी आले. पुढे पारनेरला रोज पहाटे हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारा हा माणूस पाहून गावाला तो वेडा वाटला असल्यास नवल नाही.

मी स्कॉटलंडला पोचलो तो या एडिंबरोच्या धाग्याने. त्या शहरात कॅल्टन टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत सुमारे ९० फूट उंचीचा एक निमुळता दगडी स्तंभ आहे. त्यावर पाच नावे कोरलेली आहेत: टॉमस म्यूर, टॉमस पामर, विल्यम स्कर्विंग, मॉरिस मार्गारॉट आणि जोसेफ जेराल्ड. बापट त्या शहरात शिकत होते तेव्हा तो स्तंभ उभा राहून साठ वर्षे झाली होती. या पाच जणांनी राजाचा खून केला नव्हता की कोठार जाळले नव्हते. पार्लमेंटची निवडणूक सर्व पुरुषांच्या मतांनी आणि दरवर्षी व्हावी, एवढे त्यांच्या चळवळीचे मागणे. ते वावगे होते असे म्हणावे, तर त्या वेळची स्थिती पाहा: एडिंबरोसारख्या राजधानीचा पार्लमेंटातला प्रतिनिधी नगरमंडळाचे अवघे ३३ सभासद निवडीत, आणि साऱ्या स्कॉटलंडात मतदार होते साडेचार हजारांच्या घरात. आपल्याकडच्या एखाद्या गावजत्रेला याहून जास्त माणसे जमतात.

म्यूर हा ग्लासगोचा तरुण वकील. त्याच्यावर १७९३ च्या ऑगस्टअखेर राजद्रोहाचा खटला चालला. सभांतून भाषणे केली आणि टॉम पेनचे पुस्तक लोकांना वाचायला दिले, असले ते आरोप. शिक्षा १४ वर्षे हद्दपारी. पामर हा धर्मोपदेशक. एका विणकराने लिहिलेले पत्रक छापवून घेतल्याबद्दल ७ वर्षे. १७९४ च्या मार्चपर्यंत उरलेल्या तिघांनाही प्रत्येकी १४ वर्षे झाली. आपल्याला जसे अंदमान, तसे त्या लोकांना ऑस्ट्रेलिया. जेराल्ड आणि स्कर्विंग १७९६ साली तिथेच वारले. म्यूर एका अमेरिकन जहाजातून निसटला आणि हालअपेष्टा भोगीत फ्रान्सला पोचून १७९९ साली मेला. पामर सुटून घरी येताना वाटेत ग्वाम बेटावर गेला. मायदेशाचा किनारा पुन्हा पाहिला तो एकट्या मार्गारॉटने.

म्यूरच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश होता लॉर्ड ब्रॅक्सफील्ड. माणूस मोठा तोंडाळ. येशू ख्रिस्तही सुधारकच होता, असे जेराल्डने म्हणताच, त्याचे तरी काय भले झाले, तोही फासावरच गेला, अशा अर्थाचा टोला याने लगावल्याची आख्यायिका आहे. पण मला थबकवले ते त्याने म्यूरच्या खटल्यात ज्यूरीला केलेल्या उपदेशाने. त्याचा आशय असा: राज्यकारभारात प्रतिनिधित्वाचा हक्क भूमिवंतांनाच आहे. ज्या जनतेजवळ जंगम चीजवस्तूपलीकडे काही नाही तिचा राज्याला काय भरवसा? ते लोक आपले बिऱ्हाड पाठीवर टाकून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच देश सोडून जातील!

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बाजूला ठेवले. पाठीवर बिऱ्हाड घेऊन जाण्याची पाळी मुळशी खोऱ्यात कोणावर आली? ज्याच्या नावावर जमीन होती तो सावकार पुण्याच्या वाड्यात स्वस्थ होता. जमिनीला पिढ्यान्पिढ्या चिकटून राहिलेल्या कुळालाच उठावे लागले. पण विचारायचे ते भूमिवंताला, हा ब्रॅक्सफील्डचा नियम एकशे अठ्ठावीस वर्षांनी मावळात जसाच्या तसा चालू होता.

कोणी म्हणेल, १९२१ साली हिंदुस्थानात कायदेमंडळे होती की! होती. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांप्रमाणे मुंबई इलाख्याचे नवे कायदेमंडळ त्याच वर्षाच्या आरंभी सुरू झाले. रामनवमीचा सत्याग्रह त्यानंतर दोनच महिन्यांनी. पण त्या कायदेमंडळाला ग्रामीण भागातून मत कोणाचे? ज्याच्या जमिनीचा सारा निदान ३२ रुपये आहे त्याचे. रत्नागिरीसारख्या एकदोन गरीब जिल्ह्यांना १६ रुपयांची सवलत होती, मावळाला नव्हती. डोंगरउतारावरच्या चार खाचरांचा सारा ३२ रुपये भरायचा म्हणजे अर्धा डोंगर नावावर हवा. शिवाय जमीन महसुलाचे खाते 'राखीव' ठेवलेले, म्हणजे लोकनियुक्त दिवाणांच्या हाताबाहेरचे. मुळशीकरांनी पार्लमेंटच्या सुधारणेची मागणी केली नव्हती, हे खरे आहे. बाराशे माणसे दगडमातीच्या ढिगावर जाऊन बसली, कारण त्यांना बसायला दुसरी सभाच नव्हती.

शिक्षांची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती सणाच्या दिवसांत लांबवण्याजोगी नाही. सत्याग्रहींना पकडपकडून येरवड्याला नेण्यात आले, त्यांत शंकरराव देवही होते. तिथे दळणाचे काम नेमून दिल्याप्रमाणे पुरे करीत नाहीत म्हणून मुळशीच्या कैद्यांना फटके मारण्यात आले. त्याच तुरुंगात त्या वेळी महात्माजी होते. कैद्यांनी काम नाकारणे त्यांना पसंत नव्हते, पण फटक्यांची वार्ता कळताच ते अस्वस्थ झाले आणि या कैद्यांना भेटू द्यावे म्हणून त्यांनी १९२३ साली तुरुंगाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार केला. ब्रॅक्सफील्डच्या दरबारात निदान सुशिक्षितांची भाषणे तरी नोंदली गेली. फटके खाणाऱ्या मावळ्यांपैकी किती जणांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत?

बाहेर लढा मोडत चालला होता. पैसे घेणारे पैसे घेत होते. बापटांचे सत्याग्रहाचे शास्त्र महात्माजींच्या मापात बसत नव्हते. जुलमाविरुद्ध हत्यार उगारायला त्यांची ना नव्हती, आणि ते लपवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. बहुतेकांनी मोबदला घेतला आहे, तेव्हा चळवळ आवरावी, असे महात्माजींचे मत झाले. १९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामावरची आगगाडी अडवली, आणि मग पळून न जाता स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले. शिक्षा ७ वर्षे. एका पत्रकासाठी पामरला मिळाली तेवढीच! ते सुटले १९३१ साली. तोवर बांध पुरा होऊन, १९२७ पासून, मुळशीचे पाणी भिऱ्याला वीज करू लागले होते.

हत्याराने मुळशीचा लढा वाढला की संपला? माझ्यापुरते मी असे म्हणेन की तो आधीच संपला होता, आणि बापटांना ते कळत होते. हरलेल्या लढ्याची किंमत कोणीतरी आपल्या अंगावर घ्यावी, एवढाच त्या शेवटच्या कृत्याचा अर्थ मला लागतो. माझ्या एका इतिहासाच्या स्नेह्यांना हे मुळीच मान्य नाही. ते म्हणतात, त्या एका दिवसाने तीन वर्षांचे पुण्य खर्ची पडले. आमचा वाद प्रत्येक भेटीत होतो आणि चहा गार होईपर्यंत चालतो.

एडिंबरोच्या स्तंभाची पायाभरणी झाली ती २१ ऑगस्ट १८४४ रोजी, म्हणजे शिक्षांनंतर पन्नास वर्षांनी. मधल्या काळात १८३२ ची सुधारणा होऊन स्कॉटलंडातले मतदार साडेचार हजारांचे पासष्ट हजार झाले होते. आपल्याकडे येरवड्याचे कैदी शंकरराव देव घटना समितीत बसले, आणि तिथे घडलेल्या घटनेप्रमाणे १९५१-५२ साली झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मावळातल्या प्रत्येक सज्ञान बाईला आणि बाप्याला, सारा एक पै भरो वा न भरो, मत मिळाले. १८९४ चा तो जुना कायदा मात्र स्वतंत्र भारतातही साठ वर्षांहून अधिक जगला. खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित जमीनधारक कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आधी संमती हवी, आणि संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेले कूळही बाधित कुटुंबच समजावे, असे म्हणणारा कायदा आला २०१३ साली. बापट १९६७ सालीच वारले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्यांवरच्या गर्दीत मोटार अडकली म्हणजे लोक त्यांचे नाव घेतात.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी नातवाला घेऊन मुळशीला गेलो. भुशीवरून, घुसळखांबवरून, कोराईगड उजवीडावीकडे दिसत राहतो त्या वाटेने. भात कापणीला आले होते आणि कडेच्या खाचरांत माणसे विळे घेऊन वाकली होती. तळे काठोकाठ भरलेले, वाऱ्याने नुसते शहारत होते. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांशी मी बोलू लागलो. त्यांच्या आजोबांचे घर पाण्याखाली गेलेले. खाचरे सावकाराच्या नावावर होती, तेव्हा पैसे सावकाराला मिळाले, हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नव्हे, नुसते हिशेब सांगावा तसे सांगितले.

नातवाने त्यांना विचारले, "तुमचं गाव कुठं होतं?"

त्यांनी विळा बांधावर ठेवला, हात पुसले, आणि सरळ पाण्याकडे बोट करून सांगू लागले. तो उंचवटा दिसतो ना, त्याच्या अलीकडे चावडी. तिथून डाव्या हाताला आमची वाडी. आणि ते पाणी जरा काळं दिसतंय तिथं, तिथं आमची खाचरं.